कोथरूड–कसबा–हिंजवडी आणि परत : सहा टायरांची तीन दिवसांची सहल

आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात एक फिरतं घर उभं आहे. मिनीबसमध्ये दोन पलंग, शेगडी, बेसिन आणि इवलासा संडास. माझ्या नवऱ्याने, श्रीधरने, निवृत्तीच्या पैशांतून ते बनवून घेतलं आणि तीन वर्षांत ते घर एकदाही फिरलं नाही. उभ्या उभ्याच त्याच्या टायरांना भेगा पडल्या. मी वैतागून गिऱ्हाईक शोधलं. नाशिकचे एक गृहस्थ रविवारी बघायला येणार होते. श्रीधर म्हणाला, “तोवर टायर बदलून एक सहल करून दाखवतो. मग गाडी नाही विकायची.” मी म्हटलं, बघू.

सहा टायर म्हणजे चोपन्न हजार. पण श्रीधर फिरत्या घरवाल्यांच्या एका मंडळाचा सभासद आहे आणि सभासदांना पंचवीस टक्के सूट मिळते. साडेतेरा हजार सोडून देणारा माणूस कोथरुडात अजून जन्मायचा आहे. आम्ही गुरुवारी सकाळी निघालो.

मंडळाचं कार्यालय कसबा पेठेत आहे, स्कूटरसुद्धा अंग चोरून जाईल अशा बोळात. गाडी नदीकाठच्या रस्त्याला लावून आम्ही चालत गेलो. चिटणीस पेपर वाचत होते.

“सूट हवी असेल तर गाडी समक्ष दाखवावी लागते,” ते म्हणाले.

“अहो, पण बोळात गाडी येणार कशी?”

“तो विचार आपण सभासद होताना करायचा होता.”

“मग आपणच येता का रस्त्यापर्यंत? पाच मिनिटं फक्त.”

“कार्यालय सोडता येत नाही.” बऱ्याच वेळाने पेपरमागून आवाज आला, “चाक आणलंत तर चालेल.”

श्रीधरने डोकं चालवलं आणि खोलाखोली नको म्हणून स्टेपनी काढली. ती आम्ही दोघांनी कसब्यातून घरंगळत नेली. एका तांबटाने हातोडी थांबवून विचारलं, “काका, बाकीची गाडी मागून येतीय का?” चिटणीसांनी टायरला नख लावून पाहिलं.

“हा तर कोरा आहे. आम्ही सूट देतो, आहेर करत नाही.”

परत रस्त्यावर. जॅक लावून पुढचं भेगाळलेलं चाक काढलं, त्या जागी स्टेपनी बसवली आणि दुसरी वरात काढली. या वेळी शिक्का मिळाला. चाक मात्र पुराव्यादाखल जमा झालं. आम्हीही मुकाट्याने ठेवून आलो, कारण चौथ्यांदा चाक ढकलायची ताकद दोघांतही नव्हती.

सूट देणारं टायरचं दुकान हिंजवडीला. शुक्रवारी सकाळी नऊला निघालो. तुम्ही जाणार असाल तर ही चूक करू नका, रविवारी जा. वाकडच्या पुढे गाडी थांबली ती थांबलीच. श्रीधरने इंजिन बंद केलं, मी शेगडी पेटवली आणि आल्याचा चहा टाकला. शेजारच्या कंपनीच्या बसमधून एक यवतमाळचा इंजिनिअर म्हणाला, “काकू, एक कप भेटन का?” मी खिडकीतून खिडकीत दिला. अर्ध्या तासाने त्याच खिडकीतून रिकामा कप परत आला. दोन्ही गाड्या जागच्या हलल्या नव्हत्या.

करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही बोलत बसलो. मी विचारलं, “अहो, खरं सांगा, कशाला घेतलीत ही गाडी?”

तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, “तू चौतीस वर्षं मुलांना भूगोल शिकवलास. नकाशावर कृष्णेचा उगम दाखवलास, लोणार दाखवलंस. स्वतः काय पाहिलंस? मला वाटलं, तुला दाखवावं.”

तीन वर्षं मी याला हौशी, उधळ्या, काय काय म्हणत होते. मला फार वाईट वाटलं. मी त्याला आणखी एक कप चहा दिला.

दुकानाचे मालक तात्या मूळचे तिथलेच शेतकरी. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. “स्कीम अदलाबदलीची हाय काकू. जुनी सहाच्या सहा लागत्यात. ही तर पाचच हायती.”

“सहावं कसब्यात जमा आहे.”

“मंग आना की!”

संध्याकाळ झाली होती. गाडी तात्यांच्या आवारात, कंपनीच्या बसांच्या रांगेत लावली आणि आम्ही पहिल्यांदा आमच्या फिरत्या घरात झोपलो. सकाळी तात्यांच्या मंडळींनी पिठलं-भाकरी आणून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

शनिवारी बसने कसब्यात. चिटणीस त्या चाकावर पाय ठेवून बसले होते. आमच्याकडून हाताने अर्ज लिहून घेऊन त्यांनी पाय काढला. चाक रिक्षात आमच्या दोघांच्या मधे बसलं. रिक्षावाला म्हणाला, “तीन शिटा झाल्या, मीटरवर शंभर जास्त पडतील.” हिंजवडीपर्यंतचे त्याला साडेसहाशे दिले. दुपारी टायर बसले, सूट मिळाली.

परत येताना चांदणी चौकात श्रीधर म्हणाला, “तुझंच बरोबर. विकून टाकू. नुसते टायर बदलायला तीन दिवस लागतात, लोणारला कधी पोचणार आपण?”

रविवारी नाशिकचे गृहस्थ आले. नवे टायर बघून खूश झाले, पलंगावर बसून पाहिलं, सांगितलेली किंमत कबूल केली. श्रीधर किल्ली आणायला वर गेला.

“वहिनी, घाट चढते ना व्यवस्थित?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही हो. अजून नेलीच नाही.”

“मग कळायचं कसं?”

“आम्ही उद्या सकाळी महाबळेश्वरला निघतोय. कृष्णेच्या उगमापाशी पोचलो की फोन करून सांगते. पण गाडी विकायची नाही.”

ते चिडून गेले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. श्रीधर किल्ली घेऊन खाली आला, फाटकाकडे बघत राहिला. “कुठे गेले ते?”

“नाशिकला,” मी म्हटलं. “तुम्ही पाण्याची टाकी भरून घ्या.”