कोरं सूत

आमच्या शाळेच्या फाटकापाशी एक खड्डा आहे. दर जुलैमध्ये त्यात एक रोप लावलं जातं. शाल-श्रीफळ घेतलेले पाहुणे त्याला तांब्याभर पाणी घालतात, फोटो निघतो, मुलांना लाडू मिळतो. मे महिन्यात शाळा बंद असते आणि रोप मरतं. पुढच्या जुलैला रोप नवं, खड्डा तोच. इतकी वर्षं भिवंडीत शिकवून मला त्या खड्ड्याचा नात्यातल्या माणसावर यावा तसा राग येतो.

पर्यावरणाच्या तासाला भिंतीवर बर्फातल्या अस्वलाचं चित्र लावायचं आणि मुलांना सांगायचं, बघा, याचं घर वितळतंय. मुलं बिचारी गंभीर चेहरे करून बसतात. त्यांच्या घरामागचा नाला कापड रंगवण्याच्या कारखान्यांमुळे रोज निराळ्या रंगाचा वाहतो. पाचवीतली एक मुलगी वर्गात आली की आधी मला रंग सांगायची, "मॅडम, आज गुलाबी हाय." तिचे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते, घरचं बोलणं हिंदी, आणि मराठी ती शाळेत शिकली तशी ठणठणीत बोलायची. गेल्या वर्षी मी ते अस्वल उतरवून ठेवलं. म्हटलं, ज्याचं आपण काही करू शकत नाही त्याची भीती पोरांना कशाला घालायची? एक झाड मे महिना ओलांडून जगलं, तर तेवढं पुष्कळ आहे.

दिघाशी गावाहून येणाऱ्या आमच्या शिपाईदादांनी करंजाच्या बिया आणून दिल्या. मुलांनी दुधाच्या पिशव्यांत रोपं केली, मागच्या भिंतीलगत लावली, आणि ज्याने त्याने आपलं रोप वाटून घेतलं. त्या मुलीचं रोप कोपऱ्यातलं, सगळ्यांत खुजं.

एप्रिल सरत आला तशी मला धास्ती बसली. लूमवाल्यांची कुटुंबं मे महिन्यात मुलखाला जातात. वर्ग रिकामा होतो, गल्ली रिकामी होते, आणि फाटकाची किल्ली शिपाईदादांकडे. "मॅडम, मी सोमवारी आन गुरवारीच येतो. मधी न्हाय जमायचं," त्यांनी आधीच सांगून टाकलं. मधल्या दिवसांचं काय? तेव्हा मुलांनीच युक्ती काढली. रोपाशेजारी विटांवर पाण्याची बाटली ठेवायची, सुताच्या जाड वातीचं एक टोक पाण्यात आणि दुसरं मुळाशी मातीत पुरायचं. वात पाणी ओढेल, रोप सावकाश पीत राहील. सुताला काय तोटा? प्रत्येकाने घरून कोनवरचं, लूमच्या रिळावरचं, नवंकोरं, पांढरंशुभ्र सूत आणलं. वाती वळताना सगळा वर्ग खूश होता आणि मीही खूश होते.

शेवटच्या दिवशी ती मुलगी पिशवी घेऊन दारात थांबली. "मॅडम, माझावाला मरू नका देऊ."

"नाही देणार," मी म्हटलं. असं वचन मी सहसा कोणाला देत नाही.

सुट्टी लागली की मला करमत नाही, हे सरळच सांगते. आई गेल्यापासून घरात मी एकटीच आहे. सहकारी बाया मुलाबाळांना घेऊन अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जातात, माहेरी जातात, आणि मला विचारायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलंय. दर जूनमध्ये मी मुलांना एकेक करून उभं करते आणि सुट्टी कशी गेली ते सांगायला लावते. मला कोणी विचारत नाही ते बरंच आहे. सांगण्यासारखं काय असतं? दूधवाला सोडून कोणाशी न बोलता गेलेले दिवस असतात.

पहिल्या गुरुवारी शाळेत गेले तर बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. मी मूर्खासारखी आनंदले. वा, किती कमी पाणी लागलं! मग पानांकडे लक्ष गेलं. पानं खाली लोंबत होती आणि माती पापडासारखी वाजत होती. वात उपसून पाहिली, तर पाण्यात बुडालेलं टोक तेवढं ओलं, वरचं सगळं कोरडं ठाक. मी हाताने पाणी घातलं, पण सोमवारपर्यंत ते पुरणार नव्हतं.

घरी येऊन पेल्यात वात घालून बघत बसले आणि तेवढ्यात पेलाच लवंडला. हातात होतं त्या सुतानेच ओटा पुसायला गेले, तर पाणी नुसतं इकडून तिकडे पळायला लागलं. जुनं फडकं टाकलं, त्याने ते घटकेत पिऊन टाकलं. मग डोक्यात प्रकाश पडला. नवा पंचा दोन-चार धुण्यांशिवाय अंग पुसत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? पण या गावात आम्हा सगळ्यांचे डोळे नव्या कापडावर. जुनं आणावं असं वर्गात एकाच्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही.

ते फडकं तळहाताएवढं होतं. कपाट उघडलं, तर माझ्या सगळ्या साड्या धुऊन झटकन वाळणाऱ्या, एकही सुती नाही. आईच्या होत्या, धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या. ती गेल्यावर त्या डोळ्यांसमोर नकोत म्हणून मी भांडीवालीला देऊन टाकल्या. तिने बदल्यात स्टीलचा डबा दिला. त्या डब्यात मी आजवर काही ठेवलेलं नाही. त्या दिवशी कपाटासमोर उभी राहून मला रडू आलं, आणि ते रोपांसाठी नव्हतं.

शेवटी समोरचं दार वाजवलं. समोर एक कोकणी मुसलमान म्हातारी राहते. मुलं आखातात, नवरा वारलेला. सगळे तिला खाला म्हणतात. आमची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरती.

"खाला, एखादं जुनं सुती कापड आहे का? फाटकं चालेल."

तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "का गं बाय, नोकरी सोडून भांडी इकाया लागलीस?"

मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे. मग तिथेच उंबऱ्यात बसून तिला सगळं सांगितलं, रोपं, वाती आणि कोपऱ्यातलं खुजं झाडही. ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने एक चौकडीची लुंगी घेऊन आली. इतकी विरलेली की पलीकडचा तिचा हात दिसत होता.

"ह्यांची हाय," ती म्हणाली.

"नको खाला. ही राहू दे."

"ठेवून काय करू? माझ्याशी बोलते काय ती?" असं म्हणून तिनेच दाताने काठ तोडला आणि टर्रकन पहिली पट्टी फाडली. मग थांबली. नंतर उरलेली लुंगी आम्ही दोन्हीकडून धरून फाडली.

सोमवारी ती माझ्याबरोबर शाळेत आली. पट्ट्या तिनेच मातीत पुरल्या. गुरुवारी बाटल्या अर्ध्या रिकाम्या होत्या आणि पानं वर बघत होती. त्यानंतर आमचा नेमच झाला. जाताना बाटल्या मी धरायच्या, येताना ती जिन्यात दम खात खात मला चहाला बोलवायची. एक रोप तेवढं बकरीने खाल्लं, बाकीची तगली. खुजं रोप तर हट्टाने वाढलं.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलं आल्या आल्या मागच्या भिंतीकडे धावली. ती मुलगी त्यांत नव्हती. पुढच्या आठवड्यातही आली नाही. खाला रोज विचारायची, "पोर आली का?" मी रोज "न्हाय" म्हणायची.

मग एका संध्याकाळी खालाकडे चहा घेताना फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"मॅडम, मी बोलते. तो सूत काढून टाका!" ती मुलगी घाईघाईने बोलत होती. "तो पाणी नाय पीत. मी इथे गावात तुळसीला लावला, सुकली ती. मग दादीची जुनी धोती, म्हणजे साडी, लावली, तर पिते. मी रोज पप्पांना बोलत होते, फोन लावून द्या, मॅडमला माहीत नाय, माझावाला मरेल. त्यांनी आज लावला."

"नाही मेलं," मी म्हटलं. "आम्ही बदललं कापड. तुझं झाड सगळ्यांत उंच झालंय. कधी येतेस बघायला?"

तिचा आवाज उतरला. "पप्पांचा लूम बंद झाला. आता इथेच राहणार."

झाड तिच्यासाठी जगवलं होतं आणि ती ते कधीच बघणार नव्हती. सबंध मे महिना मला वाटत होतं की या जगात माझी आठवण काढणारं कोणी नाही. आणि तिकडे तेवढीशी पोर रोज बापामागे लागली होती, मॅडमला फोन लावा म्हणून.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमची सुट्टी कशी गेली?"

समोर खाला बशीत चहा ओतून माझ्यासाठी थांबली होती.

"सांगते," मी म्हटलं. "वेळ आहे ना तुला?"