डाव्या सीटचं वजन

माझ्याकडं एक जुनी, दोन सिटांची स्पोर्ट्स कार आहे. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत ती शोभत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. घेतली तेव्हा शेजारच्या काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारून विचारलं, "मागं बसायचं कुठं?" बायकोनं गच्चीवरून उत्तर दिलं, "मागं कुणी बसू नये म्हणूनच घेतलीय, काका."

करायच्या कामांची यादी मी त्याच आठवड्यात केली. ही सवय नोकरीतली; वाळूजच्या कारखान्यात मी देखभालीचं नियोजन बघतो. टायर, ब्रेक, सीटचं कापड, एकेक होत गेलं. लोअरिंग स्प्रिंगा तेवढ्या राहिल्या. मूळ स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा टाकल्या की गाडी दीड इंच खाली बसते, चाक आणि मडगार्डमधली फट जाते, वळणावर गाडी कलत नाही. बायकोचा सक्त विरोध होता. तिचा गुडघा दुखतो. "आत्ताच मी या गाडीतून विहिरीतून निघाल्यासारखी निघते," ती म्हणायची. "अजून खाली केली तर दोर सोडावा लागेल."

दोर नव्हता, माझा हात होता. रविवारी आम्ही सिल्लोडच्या रस्त्यानं निघायचो आणि वाटेत भाजलेली कणसं घ्यायचो. मी फिरून डाव्या दाराशी जायचो, हात द्यायचो, ती "एक, दोन" म्हणायची आणि उठायची.

मुलीच्या बाळंतपणासाठी ती सहा महिन्यांच्या बोलीवर पुण्याला गेली. आता नात पूर्ण वाक्यं बोलते. भांडण कधीच झालं नाही. मुलीची नोकरी, बाळाची आजारपणं, मग तिथं सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणी. परतीची तारीख पुढं जायची, आणि पुढं पुढं तारखेचा विषयच निघेना. मी घर व्यवस्थित ठेवलं. गॅस, दूध, औषधं, सगळं वेळेवर. तसं अव्यवस्थित करायला तरी घरात होतं कोण?

एका संध्याकाळी मी फोनवर विचारलं, "त्या स्प्रिंगा टाकू का?" ती तावातावानं नाही म्हणेल, म्हणून विचारलं होतं.

"टाका की," ती म्हणाली. "मी कुठं बसते आता तिच्यात?"

दुसऱ्या दिवशी मी स्प्रिंगा मागवल्या.

जालना रोडच्या गॅरेजात काम काढलं. जुनी स्प्रिंग क्लॅम्पनं दाबून धरायची, वरचा नट काढायचा, मग क्लॅम्प हळूहळू सैल करायचा. घाई केली तर ती हात मोडेल अशी सुटते. चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच आवळायचे असतात. गाडी अधांतरी असताना आवळले तर आतलं रबर कायम पिळलेलं राहतं. मी हे दोनदा बजावलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साब, आप बोले वैसाच करते. मेरेकु भी लिस्ट दे देव, दीवार पे लगाता."

दुपारपर्यंत गाडी खाली बसली. फट गेली होती. मी एक फेरी मारली. अगदी हवी होती तशीच दिसत होती, आणि ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

राहिलं अलाइनमेंट. अशा गाडीत रोज जेवढी माणसं बसतात तेवढं वजन सिटांवर ठेवूनच मिस्त्री चाकांचे कोन बसवतो.

"कित्ते जने बैठते इसमें?"

"दोघं," मी म्हणालो.

"तो भाभी को लेको आना था ना, साब."

"ती पुण्याला असते."

"वजन कित्ता उनका?"

"पंचावन्न."

"आप तौले क्या?"

"तिनंच सांगितलंय."

"फिर तो दो-चार किलो और पकड़ो," तो म्हणाला. पण शेवटी पंचावन्नच धरले. पाण्याचे दोन मोठे जार आणि एक जुनी बॅटरी त्यानं डाव्या सीटवर ठेवली आणि घसरू नये म्हणून बेल्ट लावला. उजवीकडं मी. मोजणी होईपर्यंत हलायचं नव्हतं. शेजारी जारमधलं पाणी थोडा वेळ हललं, मग तेही थांबलं.

संध्याकाळी तिला फोनवर सांगितलं. ती खळखळून हसली. "जारात भरलं होय मला! आणि पंचावन्न कुठलं, एकसष्ट झालंय. इथं लेक तूप वाढते."

मीही हसलो. पण ते सहा किलो माझ्या नकळत वाढले होते, ते मनातून जाईनात.

"पाचशे किलोमीटर चालली की स्प्रिंगा नीट बसतात," मी म्हणालो. "मग परत अलाइनमेंट करायचं."

"म्हणजे पुण्याला येऊन-जाऊन. या की. नातीला गाडी दाखवा."

मी तयारीला लागलो. गादीवाल्याकडून डाव्या सीटसाठी दोन इंचांची जाड गादी शिवून घेतली. गाडी जेवढी खाली गेली त्यापेक्षा बायको जरा जास्तच वर यायला हवी होती. एकट्यानं चालवताना स्टिअरिंग उजवीकडं किंचित ओढत होतं. फार नाही, पण नगरच्या पुढंपर्यंत मला ते हाताला जाणवत राहिलं.

पुण्यात ती खाली आली, गादी दाबून पाहिली आणि बसली. सोसायटीला एक फेरी मारून मी गाडी जिन्याजवळ थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"चल ना आता घरी," मी म्हणालो.

ती समोरच्या काचेकडं बघत राहिली. "अहो, मला इथंच बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय. तुम्ही येत जा."

मी उतरून डाव्या दाराशी गेलो आणि हात दिला. "एक, दोन," ती म्हणाली आणि उठली. मग वाकून तिनं गादी उचलली. "छान शिवलीय. बाळीला जेवायच्या खुर्चीत उंच बसायला होईल. घेऊ?"

"घे," मी म्हणालो.

परत आल्यावर त्याच आठवड्यात गाडी गॅरेजला नेली. मला बघून मिस्त्री पाण्याचे जार उचलायला वळला.

"जार राहू द्या," मी म्हणालो. "एकच सवारी धरा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि जार परत खाली ठेवले. मी गाडीत बसलो, दार लावलं आणि मोजणी होईपर्यंत हललो नाही.