मला राखी दिली नाही

ताटात दोन राख्या होत्या. त्याच्या आईनं एक सुनंदाच्या हातात दिली. "बांध त्याला. तरणीताठी पोर घरी येतेस, लोक बोलायला कमी करत नाय." सुनंदा त्यांच्याच जातीतली, कॉलेजच्या नाटकात त्याच्या-माझ्याबरोबर. तालमीसाठी आम्ही दोघी त्याच्या घरी आलो होतो. तिनं मुकाट्यानं बांधली. मग रीत म्हणून मीही राखी घ्यायला हात पुढे केला. काकू म्हणाल्या, "तुझं राहू दे." आणि ताट आत घेऊन गेल्या.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू.

कारण आमचं वर्षभर चाललं होतं. तो मराठा, गंगापूर रोडच्या बंगल्यातला, गावाकडे द्राक्षबाग. मी बौद्ध, एकलहऱ्याच्या कॉलनीतली. वडील वीज केंद्रात कोळशावर. ऐंशी सालच्या आसपास नाशकात पोरापोरींनी बसायचं कुठे? आम्ही पांडवलेण्यावर जायचो. घरी सांगायला सोपं, बुद्धवंदनेला जाते. पायऱ्या चढताना तो मागे राहायचा. कुणी ओळखीचं दिसलं की अनोळखी व्हायचा. मी म्हणायचे, लाजतो बिचारा. प्रेमात अक्कल गहाण पडते म्हणतात. माझी तर लिलावात गेली होती.

तर मला वाटलं, काकूंनी ओळखलं. बहीण करायचं नाही, म्हणजे सून करायचं मनात आहे. एवढी मोठी उडी मी त्या सोफ्यावर बसल्या बसल्या मारली. मग चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघराकडे गेले. आत काकूंची जाऊ विचारत होती.

"दुसरीला का नाय बांधायला लावली?"

"तिची कशाला भीती? सुनंदा आपल्यातली. उद्या गळ्यात पडंल, करून घ्यावी लागंल. ही काय घरात येणारे थोडीच. पोरगा हे. फिरंल चार दिवस."

कप मी दारातच खाली ठेवला. जातीवरून शिव्या शाळेत ऐकल्या होत्या. शिवीला शिवी देता येते. इथं शिवी नव्हतीच. सुनंदालाही कुणी विचारलं नव्हतं, पण तिच्या अब्रूची धास्ती तरी होती. मी धास्ती घेण्याच्याही लायकीची नव्हते.

तो बाहेर मोटारसायकल पुसत होता.

"तुझ्या आईला आपलं माहीत आहे?"

"माहितीये ना. काही बोलत नाही ती. बरंच आहे की."

"आणि लग्न?"

"लग्नाचं वेगळं असतं गं."

वाईटसुद्धा वाटलं नाही त्याला. फडकं पिळलं आणि पुन्हा पुसायला लागला.

मी परत आत गेले. "काकू, तुमच्या मुलाला आवरा. पुन्हा माझ्या वाटेला आला तर चारचौघांत सांगेन."

पोरीच्या घरी येऊन लोक असं बजावून जातात. पोराच्या आईला बजावायला बहुतेक कुणी आलंच नव्हतं. जावेची पोळी तव्यावर करपली.

बोभाटा व्हायचा तो झालाच. पोरगी उंडारते, हे अख्ख्या कॉलनीला कळलं. पोराचं नाव कुणी घेतलं नाही. आण्णा कामावरून आले आणि हातपाय न धुता खाटेवर बसले.

"कॉलेज बंद. मनमाडचं स्थळ हे. पोरगा रेल्वेत हे."

आण्णांवर माझा फार जीव. शिकलीच पाहिजेस, असं मला पहिल्यांदा सांगणारे तेच. म्हणून त्यांचं बोलणं त्या स्वयंपाकघरातल्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी उभीच राहिले. बसले असते तर रडले असते.

"आण्णा, आम्ही दोघं फिरलो. त्याचं कॉलेज कुणी बंद केलं?"

आईनं स्टोव्ह बारीक केला.

"त्यांनी मला फुकटची समजलं. तुम्ही मला नासलेली समजता. मी दोन्ही नाही. मनमाडला नाही म्हणून कळवा. तुम्ही नाही कळवलं तर मी जाऊन सांगून येते."

त्या घरात असं कुणी बोललं नव्हतं. आण्णांनी परवानगी दिली नाही. मी मागितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून कॉलेजला गेले. तो फाटकात मित्रांच्या घोळक्यात उभा होता. एकानं खाकरून दाखवलं, बाकीचे हसले. तरी मी बाजूनं गेले नाही, सरळ त्यांच्या मधून गेले. यापुढे मी बाजूनं जाणार नाही.