मामाची निळी कपाटं

आमच्या मामाला कुठलीही मोडकी वस्तू दाखवा, तो तिच्याकडे क्षणभर बघायचा आणि विचारायचा, "चालतंय ना?" चालत असेल तर विषय संपला. चालत नसेल तर सुतळी, रबर, सायकलच्या ट्यूबचा तुकडा असं काहीतरी त्याच्या खिशातून निघायचं आणि ती वस्तू पुन्हा चालू लागायची. त्याच्या घरातल्या पंख्याला वेग एकच होता, रेडिओला स्टेशन एकच होतं आणि दारावरची बेल नुसती दाबून वाजत नसे, दाबून उजवीकडे ढकलावी लागे. सोसायटीत सगळे त्याला 'चालतंय काका' म्हणत आणि तोही त्या नावाला बिनतक्रार ओ देई.

मामा हडपसरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होता. गॅलरीतून शेतं दिसायची तेव्हा त्यानं तिथं फ्लॅट घेतला. पुढे शेतांच्या जागी काचेच्या इमारती उठल्या, पण मामाच्या घरात खुर्चीसुद्धा जागची हलली नाही. मी शिकायला पुण्यात आले ती त्याच्याकडेच, आणि लग्न होईपर्यंत तिथंच राहिले. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. मामी प्राथमिक शाळेत शिकवायची. मामाची जीभ अस्सल पुणेरी. अवेळी आलेल्या पाहुण्याला तो दारातच म्हणे, "या, या. आमची जेवणं झाली, तुमचंही झालंच असेल." मग मामी आतून "अहो!" म्हणून ओरडायची आणि पाहुण्याला हमखास जेवायला बसवायची. माझ्या मते त्या "अहो!"वरच त्यांचा संसार उभा होता.

मामीनं आयुष्यात हौस केली ती एकाच गोष्टीची, आणि तीही नुसती बोलण्यापुरती. एकदा मुख्याध्यापिका बाईंच्या बंगल्यावर हळदीकुंकवाला गेली असताना ती हात धुवायला आत गेली आणि त्यांचं बाथरूम बघून आली. बेसिनच्या खाली निळी कपाटं, आरशाच्या दोन्ही बाजूंना निळी कपाटं, आत घड्या घातलेले टॉवेल. "अगं, पसारा म्हणून नाही कुठं! साबणसुद्धा दाराआड!" हे ती मला कितीदा सांगायची. आमच्याकडे शहाबादी फरशी, गुडघ्यापर्यंत पांढऱ्या टाइल्स, कोपऱ्यात लाल बादली, बसायला लाकडी पाट आणि भिंतीत ठोकलेला एक जाडजूड खिळा, मामीच्या टॉवेलसाठी. दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा विषय निघाला की ती म्हणायची, "अहो, या वेळी बाथरूमचं बघायचं का? निळी कपाटं करू या."

"आंघोळ होतेय ना?"

"होतेय."

"मग चालतंय."

ती हसून कामाला लागायची. राग मला यायचा. मामा कंजूष नव्हता, दुष्ट तर मुळीच नव्हता. त्याला फोडाफोडी सहन व्हायची नाही, एवढंच. घर म्हणजे काल होतं तसं आज असणं, अशी त्याची समजूत होती. आता वाटतं, ती समजूत तेवढी खोटी नव्हती.

मामी निवृत्त झाली आणि विसरू लागली. आधी गॅस, मग माणसांची नावं. एकदा तिला रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगता येईना, तेव्हा त्यानं तिला तिच्या बोलण्यावरून जुन्या शाळेच्या फाटकाशी आणून सोडलं आणि ती तिथंच बसून राहिली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा तिला अजून बरंच कळत होतं. त्या संध्याकाळी माझ्यासमोर ती मामाला म्हणाली, "मला कुठं नेऊन ठेवू नका हो. या घरातच राहू दे."

"कुठं ठेवणार तुला? कोण ठेवून घेणार?" मामा म्हणाला. पण बोलताना त्यानं तिचा हात धरला होता. माझ्यादेखत त्यानं असा हात कधी धरला नव्हता. त्या दिवसापासून त्याला दुसरं काम उरलं नाही. मामी घरात राहिली पाहिजे, बस.

त्यासाठी तो काय काय शिकला! वरणाला फोडणी घालायला शिकला, साडी नेसवायला शिकला. वेणी घालायला मी शिकवली. खुर्चीच्या पाठीला तीन सुतळ्या बांधून त्यानं आठवडाभर सराव केला, तरी मामीची वेणी कायम डाव्या बाजूला वळायची. मी काही म्हणायच्या आधीच तो म्हणायचा, "चालतंय. तिला आरशात बघायचंय कुठं?" शेजारणी त्याचं कौतुक करायच्या, ते त्याला आवडत नसे. "तुमच्या ह्यांना पाठवा, त्यांनाही शिकवतो," असं म्हणून तो त्यांना गप्प करायचा.

सगळ्यात चांगला वेळ आंघोळीचा. दिवसभर 'हे कोण, ते कोण' करणारी मामी बाथरूमच्या दारात आली की जाणती व्हायची. आपली आपण पाटावर बसायची. हात बरोबर मगाकडे जायचा. आंघोळ झाली की न बघता खिळ्यावरचा टॉवेल ओढून घ्यायची. मामा पाठीवर पाणी ओतायचा आणि ती पाढे म्हणायची. मामा मुद्दाम मध्येच चूक करायचा, "बारा सत्ते शहाऐंशी." "चौऱ्याऐंशी! हात पुढे कर." आणि त्याच्या ओल्या हातावर चापट बसायची. बाहेर ऐकताना मला हसू यायचं आणि डोळेही भरायचे.

यातूनच मामाच्या डोक्यात ते आलं. मी रविवारी गेले होते. तो मला गॅलरीत घेऊन गेला. "बघितलंस ना? बाथरूममध्ये ती खूश असते. सगळ्या घरात तिला तेवढीच जागा आवडते. आणि तिनं जन्मभर मागितलं तेही तिथलंच. मी दिलं नाही." मग म्हणाला, "निळी कपाटं करायची." मी त्याच्याकडे बघतच राहिले. 'चालतंय ना' म्हणणारा माणूस स्वतःहून फोडाफोडी करायला निघाला होता. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी त्याला टाइल्सच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानातला पोरगा म्हणाला, "अंकल, ही व्हॅनिटी बघा. नेव्ही ब्लू, मॅट फिनिश, एकदम ट्रेंडिंग."

"व्हॅनिटी नको, कपाट दाखवा. आणि नेव्हीत कुणी जात नाहीये आमच्याकडे. आकाशी दाखवा."

मामा तीन दुकानं फिरला. प्रत्येक निळ्याला तो नाक मुरडायचा. मामीनं सांगितलेला निळा त्याला नेमका ठाऊक होता. इतकी वर्षं न ऐकल्यासारखं करून त्यानं सगळं ऐकलेलं होतं. बिजागऱ्या पितळी होत्या हे त्याच्या लक्षात होतं, साबण दाराआड होता हे लक्षात होतं.

काम चालू असताना मामीला मी माझ्याकडे नेलं. ती दिवसभर पिशवी भरून दाराशी बसायची, "घरी जायचं." मामा रोज संध्याकाळी यायचा, केसांत सिमेंटची धूळ. "जायचं, जायचं. तुझ्यासाठीच चाललंय सगळं," असं तिला सांगायचा. त्या दिवसांत तो तरुण दिसत होता. ज्या माणसानं तुटका चमचासुद्धा कधी टाकला नाही, त्यानं या वेळी हात सैल सोडला. पाट, बादली, मग, खिळासुद्धा भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला. "जुनं काही ठेवायचं नाही," तो म्हणाला. "आता करतोय तर नीट करू."

आणि खरंच नीट केलं होतं. खाली न घसरणारी पांढरी फरशी, बसायला भिंतीतला ओटा, धरायला दांडे, मोठा आरसा आणि आकाशी निळी कपाटं, पितळी बिजागऱ्यांची. आत टॉवेलांच्या घड्या त्यानं स्वतः घातल्या होत्या. मामीला घेऊन आम्ही आलो. मामानं बाथरूमचं दार उघडलं, दिवा लावला आणि बाजूला उभा राहिला. मामीनं सगळीकडे नजर फिरवली. एका कपाटावर बोट फिरवलं. मग आमच्याकडे वळून, हळदीकुंकवाला गेल्यावर बायका ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाली, "छान आहे हो. स्वच्छ ठेवलंय अगदी." आणि मामाचा शर्ट ओढून हळूच म्हणाली, "चला आता. घरी जाऊ. यांची जेवायची वेळ झाली असेल."

मामा हसला. त्याला वाटलं, होईल सवय. मीही तेच म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी आंघोळीला नेलं तेव्हा ती दारातून आत पाऊल टाकेना. लोकांच्या घरी कसली आंघोळ? मामानं ओढलं तर ती त्याला चावली. मोठ्या आरशात तिला एक बाई दिसायची आणि त्या बाईसमोर ती पदर सोडायला तयार नव्हती. मामानं आरशावर चादर टांगली, तर चादरीमागे बाई लपली आहे म्हणून ती किंचाळली. तो बाजारातून लाल बादली घेऊन आला, पाट करून आणला, कपाटाशेजारच्या नव्या टाइलमध्ये ड्रिल करून खिळा ठोकला. टाइलला तडा गेला. मामीनं त्या कशाकडेच बघितलं नाही. त्या घरात तिला ओळखीची म्हणून एक जागा उरली होती आणि ती मामानं स्वतःच्या हातांनी, तिच्याच आवडीखातर, फोडून टाकली होती. हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. मी फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिला आंघोळ येत होती गं. मी ती काढून घेतली."

बाथरूम गेलं आणि त्यामागून घरच गेलं. तिच्या लेखी ते आता परकं घर होतं आणि मामा तिला तिथं डांबून ठेवणारा कुणी पुरुष होता. तो तिला स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीतल्या मोरीत आंघोळ घालायचा प्रयत्न करी. तिथं तर समोरच्या इमारतीच्या खिडक्या. तो चारी बाजूंनी चादरी बांधायचा आणि ती ओरडायची, "वाचवा हो, हा माणूस कपडे काढतोय." सोसायटीत कुजबूज सुरू झाली. एक दिवस सेक्रेटरी दारात येऊन उभे राहिले. "काका, आपण समजूतदार आहात. पण लोक तक्रार करताहेत. काही लोकांना वाटतंय की... आपण हात उगारता." एरवी अशा माणसाला मामा एका वाक्यात जिना उतरायला लावायचा. त्या दिवशी तो नुसता चावल्याच्या खुणा असलेला हात सदऱ्यात लपवत राहिला.

अंगाला पाणी लागेना, तशा मामीच्या पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, आता घरी जमणार नाही. खडकवासल्याच्या बाजूला अशा पेशंटांना सांभाळणारं एक केंद्र होतं. मामीला गाडीत बसवताना मला वाटलं होतं, ती हट्ट करेल. पण ती पिशवी घेऊन लगेच बसली. तिला वाटत होतं, आपण घरी निघालोय. मामा पुढच्या सीटवर होता. सबंध रस्ता त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

तिथली मावशी भली बाई होती. पहिल्याच आठवड्यात तिनं मामाला सांगितलं, "आज्जी लई गुणाची हाय बघा. आंगुळीला काय सुदिक त्रास न्हाई." मामा म्हणाला, "बरं झालं." आणि उठून बाहेर पडवीत जाऊन बसला. मी मागोमाग गेले. तो रडत होता. मी शेजारी बसले. मामी तिथं थंडीपर्यंत राहिली आणि न्यूमोनियानं गेली. शेवटी शेवटी मामाला ती 'साहेब' म्हणायची, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांशी बोलावं तशी.

त्यानंतर मामानं फ्लॅट विकायला काढला आणि तो माझ्याकडे राहायला आला. फार दिवस राहिला नाही. त्यालाही जाऊन आता वर्ष होत आलं. माझ्या घरात काही मोडलं तर तो दुरुस्त करायचा, पण पूर्वीसारखं "चालतंय ना?" विचारायचा नाही. चहा पिताना मध्येच म्हणायचा, "खिळा तरी ठेवायला हवा होता." मी म्हणायचे, "मामा, नसतं काही झालं खिळ्यानं." तो मान हलवायचा. पटलं म्हणून नव्हे, माझं मन राखायला.

तो फ्लॅट विकायला काढला होता तेव्हा बघायला एक नवराबायको आली होती, आयटीतली, नुकतंच लग्न झालेली. मामानं त्यांना खोल्या दाखवल्या. बेल कशी वाजवायची ते दाखवलं. मुलगी बाथरूममध्ये शिरली आणि तिथून तिनं नवऱ्याला हाक मारली. "अरे, हे बघ ना! किती क्यूट आहे! काका, हे नवीनच केलंय ना?"

"नवीन आहे. कुणी वापरलेलं नाही."

हे खरं होतं. मामी गेल्यावरही तो त्या मागच्या बाल्कनीतच आंघोळ करत होता.

"अय्या, का?"

"जिच्यासाठी केलं, ती घरी आलीच नाही."

मुलीचा चेहरा उतरला. काकू दवाखान्यातच गेल्या असणार, असं तिला वाटलं असावं. "सॉरी काका," ती म्हणाली. मामानं तिच्या हातून उघडं राहिलेलं कपाटाचं दार हलकेच लावलं, दिवा बंद केला आणि पाण्याचा मीटर कुठे आहे ते दाखवायला त्यांना घेऊन गेला.