धूमकेतूजवळच्या लाटा

समतेची पत्रकं छापणारा माणूस स्वतःच्या मुलीला बोलू देत नसेल, तर ती पत्रकं आपण वाचायची कशासाठी?

आमचं कोपरीतलं घर पत्रकांवर वाढलेलं. 'स्त्रीमुक्ती' हा शब्द मला 'श्रीखंड'च्या आधी लिहिता आला. १९८६ साली धूमकेतू आला. लोकांची भीती घालवायला बाबांच्या मंडळाने टेंभी नाक्याजवळ सभा ठेवली. भाषण तयार केलं ताईने. ती एमएस्सीला होती, तिला पुढे संशोधन करायचं होतं. बाबा म्हणाले होते, "सभेत बोलून दाखव. लोकांना समजलं तर शीक, नाहीतर मी स्थळं बघतो."

ती माझ्यासमोर सराव करायची. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो. धूमकेतूतून सुटलेल्या वायूलाही उन्हात विद्युतभार येतो, तो वारा त्याला ओढून नेतो आणि त्या ओढाताणीत लाटा उठतात. धूमकेतूजवळ पाठवलेल्या यानाच्या अँटेनाला त्या कळतात.

"मग यान होडीसारखं हलतं का गं?"

"नाही गं येडे! तिथे पाणी कुठंय? विजेचं आणि चुंबकाचं बळ कमी-जास्त होतं, तीच लाट."

मला समजलं होतं. मी सातवीत होते.

सभेच्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षकाकांनी, हे वकील, तिचे कागद चाळले. "छान लिहिलंयस हो पोरी. मीच वाचतो. तुझा आवाज मागपर्यंत पुरायचा नाही." समोर माईक होता. बाबांनी तिला चहाचा ट्रे आणायला पाठवलं.

काकांनी घडाघडा वाचलं. मागून कोळीवाड्यातली एक मावशी उठली. "वकीलसाहेब, वर पानी नाय, मंग लाट कशाची?"

"मावशी, ते फार शास्त्रीय आहे. तुम्ही बोंबील सांभाळा."

हॉल हसला. मावशी हसली नाही. ताईने हातातला कपांचा ट्रे खाली ठेवला. "मी सांगते."

"प्रश्नोत्तरं संपली. चहा दे, गार होतोय." हे काका नाही, बाबा म्हणाले.

घरी ताईने विचारलं, "मग माझं काय?"

"लोकांना समजलं कुठे?"

मे महिन्यात तिला डोंबिवलीला दिली. जूनमध्ये मंडळाचं नवं पत्रक निघालं: मुलींना शिकवा.

तुमच्याकडेही सभा होत असतील. एक करा. भाषण कोणी लिहिलं, हे उभं राहून मोठ्याने विचारा. आणि लिहिणारी पुढे येईपर्यंत खाली बसू नका.