तो मळ नव्हता

लग्न होऊन मी जामनेरहून दोंडाईचाला आले, तेव्हा माझ्या मानेवर काळा पट्टा होता. पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी खरबरीत दगड हातात दिला. "हाऊ मय शे माय, नीट घसत जाय." मी मान लाल होईपर्यंत घासायचे. मळ काही निघायचा नाही.

पाळीही महिनेच्या महिने यायची नाही. माहेरी आई म्हणायची, लग्न झालं की होईल सुरळीत. लग्नानंतर धुळ्याच्या दवाखान्यात गोळ्या मिळाल्या. घेतल्या की पाळी यायची, थांबवल्या की थांबायची. वजन वाढतच होतं. नणंद हसून म्हणायची, "वहिनी, सासर मानवलं तुम्हाला!"

शेवटी थोरली बहीण मला जळगावला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी पोटाआधी मानेला हात लावला.

"घरात साखर कोणाला आहे?"

"वडिलांना."

"हा मळ नाही. शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नाही, त्याची ही खूण. पाळी चुकते त्यामागेही बहुतेक तेच आहे."

रक्त तपासलं, तेच निघालं. इतकी वर्षं ज्याची लाज धरली, तो आजार होता. मला रडू आलं नाही, संताप आला.

औषध सुरू झालं. रोज चालायचं आणि संध्याकाळी लवकर जेवायचं, असं बाईंनी सांगितलं. सासरे म्हणाले, "सून रस्त्याने फिरणार का आता?" मी गच्चीवर चालू लागले. सगळ्यांचं झाल्यावर उरेल तो भात खायची सवय सोडली आणि दिवेलागणीला माझं ताट वाढून घेतलं. पुरुषांआधी जेवते म्हणून सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं.

काही महिन्यांनी गोळीशिवाय पाळी आली. पुढच्या महिन्यात पुन्हा, अगदी वेळेवर. न्हाणीघरात मी एकटीच हसले.

बाहेर आले तर सासूबाई दारातच उभ्या. इतक्या दिवसांनी बोलल्या त्या एवढंच, "उनी का परत?" आणि आत जाऊन कढई चुलीवर आपटली. पाळी परत आली म्हणजे मूल राहिलं नाही, एवढाच त्यांच्या लेखी त्याचा अर्थ.

जेवताना नवरा म्हणाला, "एवढं चालून उपयोग काय झाला?"

उपयोग झाला होता. पण तो माझ्या एकटीच्या शरीराला झाला होता, आणि त्या घरात असला उपयोग कोणी हिशेबात धरत नव्हतं.