दाजींचं पथ्य

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, माळेगावला दिली. दाजी साखर कारखान्यात नोकरीला, शिवाय घरचा ऊस. त्यामुळे तिच्या घरात साखर कधी पुडीने आली नाही, पोत्यानेच आली. पळसदेवला आमच्या माहेरी साखरेचा डबा पाहुणा आला तरच खाली उतरायचा. आई कौतुकाने सगळ्यांना सांगायची, "माझी लेक साखरंत लोळतीया."

दाजी निवृत्त झाले आणि त्यांना मधुमेह निघाला. लेकीचं लग्न झालेलं, घरात दोघंच. आक्काने त्यांचं पथ्य असं अंगावर घेतलं की दुसरं काही सुचेना. पहाटे मेथीचं पाणी, त्यांची ज्वारीची भाकरी वेगळी, भाजी वेगळी, चहा वेगळा. साखर मोजायचं यंत्र आणलं. रोज सकाळी दाजी हात पुढे करायचे, आक्का त्यांच्या बोटाला सुई टोचायची आणि आकडा वाचून दाखवायची. आकडा वाढला की चिडायचे तिच्यावरच. "काल भाजीत गूळ टाकलावतास काय?"

ती स्वतः सकाळी गोड चहात शिळी चपाती बुडवून खायची. दाजींचा गोड चहा बंद झाल्यापासून पाहुण्यांसोबत चहा घ्यायचं कामही तिच्याकडेच आलं. पाहुण्याला एकट्याला कप देणं बरं दिसत नाही ना!

मग ती थकायला लागली. सारखं पाणी प्यायची. उन्हाळा आहे, असं सगळे म्हणाले. नजर धुरकट झाली. वय झालं, म्हणाले. चक्कर आली की शेजारीण सांगायची, "वाईच साखर टाक तोंडात, तरतरी यील." आणि ती टाकायची.

मी बारामतीत राहते. एकदा भेटायला गेले तेव्हा तिचे गाल बसलेले दिसले. मी म्हटलं, "दाजी, यंत्र घरातच हाय. आक्काचीबी साखर एकदा बघा की."

दाजी हसले. "तिला काय धाड भरलीया? साखर आसती तर आशी वाळली आसती व्हय?"

आक्काही हसली.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी माहेरी गेलो. उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं आणि एरवी पाण्याखाली असणारं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. भावकीतल्या बायकांबरोबर आम्हीही भेगाळलेल्या गाळातून चालत दर्शनाला गेलो. दुपार झाली होती. चपला काढून दगडी फरशीवर पाय ठेवला आणि आम्ही सगळ्या ओरडत सावलीकडे पळालो. तवा बरा, असा तो दगड. आक्का मात्र मधोमध उभी राहिली, हात जोडून, डोळे मिटून, अगदी निवांत.

एक म्हातारी म्हणाली, "बघा गं, भक्ती आसावी तर आशी."

आक्का लाजली. मलाही तिचा अभिमान वाटला.

घरी आल्यावर मोरीत ती पाय धुवायला बसली, तेव्हा मी पाहिलं. तळव्याला मोठाले फोड आले होते. एक फुटून कातडी लोंबत होती. मी किंचाळले. ती पाय उचलून दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत राहिली.

"मला तर कायच कळलं न्हाय गं," ती म्हणाली. "लई दिवस झालं, पायाखाली कापूस हाय आसंच वाटतंय."

मी दवाखान्यात चल म्हणाले. तिला घरी जायची घाई. "त्यांच्या जेवणाचे हाल व्हतील." हळद भरून, चिंधी बांधून ती गेली आणि त्याच पायावर उभी राहून भाकऱ्या थापत राहिली.

पुढे फोन केला की म्हणायची, बरं वाटतंय. मी न सांगता गेले, तेव्हा दाजी नाकाला रुमाल लावून बसले होते. म्हणाले, "घरात कुठंतरी उंदीर मेलाय. हिला कवाचं सांगतोय, बघ म्हणून."

उंदीर नव्हता. चिंधी सोडली तर अंगठ्यापासून निम्मा तळवा काळा पडलेला.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "मधुमेह किती वर्षांपासून आहे?"

आक्का म्हणाली, "मला न्हाय, ह्यांना हाय."

रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली होती, तिने पायाच्या नसा मारल्या होत्या, म्हणून चटका कळला नव्हता. जहर वर चढत होतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी तिला माझ्या घरी आणलं. भेटायला येणाऱ्या बायका उसासे टाकून म्हणायच्या, "गोड खायचं सोसलं न्हाय बाई." आजवर सगळ्यांनी तिला साखरच दिली होती, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

दसऱ्यानंतर दाजी आले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "खानावळीचा डबा खाऊन माझी साखर लई वाढलीया."

"दाजी, तिचा पाय गेलाय."

"दिसतंय की मला. म्हणून काय मी मरू?"

माझ्या तोंडात आलेलं मी बोलून टाकलंही असतं, पण आतल्या खाटेवरून आक्काचा आवाज आला, "थांबा, येते मी."

मी तिच्याशी भांडले. भाकरी करायला त्यांनी शिकावं, म्हणाले. ती पिशवी भरत राहिली. "ह्या वयात काय शिकत्यात ते," एवढंच बोलली.

आता गॅसची शेगडी जमिनीवर ठेवली आहे. ती पाटावर बसून स्वयंपाक करते आणि स्वतःच्या पोटात इंजेक्शन स्वतःच टोचते.

गेल्या महिन्यात लेकीने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्यात फारसं काही उरलेलं नाही. आक्काने मला फोनवर हे सांगितलं, जेवलीस का विचारावं इतक्या सहज. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ह्यांना मातूर बोलू नकोस. काळजीनं साखर वाढती त्यांची."